घरची चिकटवही

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर सामान्यतः राज्यकारभार, समाजसुधारणा, साहित्य, विज्ञान असे थोर विषय येतात. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली ही प्रथा सुरू झाली आणि आज महाराष्ट्रातील कितीतरी गावांत ती चालू आहे. त्या पंक्तीत ‘घरची चिकटवही’ हा पदार्थ वाढलेला पाहून काही श्रोत्यांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. कात्री, खळ आणि रंगीत कागद घेऊन बसणे हा मुलांचा सुटीतला खेळ. त्यावर मोठ्या माणसांनी तासभर काय ऐकावयाचे?

या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येईल. चिकटवही हा खेळ तर आहेच. पण ज्या घराची नोंद सरकारदरबारी अपुरी आहे आणि इतिहासाच्या पुस्तकात मुळीच नाही, त्या घराला आपली नोंद आपणच ठेवण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे. भद्रावतीत शेतकरी, कुंभार, खाणकामगार, आयुधनिर्माणीतले कामगार आणि जंगलावर पोट भरणारी माणसे शेजारी शेजारी राहतात. येथे अशी घरे थोडी नाहीत.

चिकटवही म्हणजे काय?

जाड, कोऱ्या पानांच्या वहीत फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणे, लग्नपत्रिका, प्रवासाची तिकिटे, पत्रे, प्रगतिपुस्तके अशा सुट्या वस्तू क्रमाने चिकटवाव्यात आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे चिकटवही झाली. पाश्चात्य देशांत हा छंद एकोणिसाव्या शतकात घरोघर पोचला. प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन याने १८७३ साली एका चिकटवहीचे पेटंटच घेतले होते. तिच्या पानांवर आधीच गोंद लावलेला असे. पान ओले केले की कात्रण बसे. १९८० नंतर अमेरिकेत या छंदाचा मोठा व्यापार झाला. सणांसाठी, सुट्यांसाठी, वाढदिवसांसाठी नक्षीचे तयार कागद विकावयास आले आणि ‘या महिन्यात अमुक विषयावर पान करून दाखवा’ अशा पैजाही लागू लागल्या.

नक्षीला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्याच अमेरिकेत दुसऱ्या प्रकारच्या वह्याही झाल्या. फिलाडेल्फिया शहरात विल्यम डॉर्सी नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ १८३७ ते १९२३ या काळात होऊन गेला. त्याने आयुष्यभर वर्तमानपत्रे कापून जवळजवळ चारशे वह्या भरल्या. आपल्या लोकांविषयी जे जे छापून येई, ते ते तो वेचून ठेवी. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजाचा इतिहास लिहावयास त्या काळी फार थोडे पंडित पुढे येत होते. पुढे रॉजर लेन या इतिहासकाराने याच वह्यांच्या आधारे त्या शहरातील कृष्णवर्णीयांच्या जीवनावर ग्रंथ लिहिला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. कात्री आणि खळ यांचे सामर्थ्य केवढे, ते यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडील जुन्या रीती

आठवण सांभाळून ठेवण्याची गरज आपल्या लोकांना कधी वाटली नाही असे नाही. आपल्या जंगलपट्टीत गोंडांचे परधान बाना वाजवून देवांच्या आणि कुळांच्या कथा गात आले आहेत. यजमानांची कुळकथा तोंडपाठ ठेवणे हा त्यांचा परंपरेचा धर्मच. भामरागडकडील माडिया लोक मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा दगड रोवतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या असतात. वडील, आजे, पणजे कधी आले होते हे त्या वह्यांत पाहून आजही माणसे चकित होतात.

ज्यांच्या घरी दप्तरे होती त्यांचा इतिहासही पुढे लिहिला गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव, घरोघर हिंडून जुने कागद मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. त्या कागदांत सरदार, कारकून, सावकार, देशमुख, कुलकर्णी यांची घरे बोलताना दिसतात. मोट हाकणारा, भट्टी लावणारा, ओझे वाहणारा त्यांत हिशेबाच्या आकड्यापुरता येतो. कारण त्याच्या घरी कागद नव्हता. जे होते ते म्हातारीच्या तोंडी होते, आणि म्हातारी गेली की तेही गेले.

विसाव्या शतकात हे चित्र पालटू लागले. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. पुढे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडच्या हकिकती टिपून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. पण प्रत्येक घरात ग्रंथकार निपजत नाही. चिकटवही मात्र प्रत्येक घरात होऊ शकते.

फोटो मुका असतो

आज कोणी म्हणेल, ‘आता ही अडचण कोठे उरली? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. एका बारशाचे दोनशे फोटो निघतात.’ हे खरे आहे. पण आपल्या मोबाईलमधील पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटो काढून पाहा. मागच्या रांगेतील चार माणसांपैकी दोघांची नावे सांगता येणार नाहीत. आणखी वीस वर्षांनी चौघांचीही सांगता येणार नाहीत. फोटो चेहरा दाखवितो, पण नाव सांगत नाही. तो कोठला, कधीचा, त्या दिवशी घरात काय घडले होते, हे त्याच्याखालची ओळ सांगते. म्हणून या व्याख्यानाचे सार एवढेच समजा, की चिकटवहीत चित्रापेक्षा ओळ मोठी.

ओळ कशी असावी? ‘आत्या’ एवढे लिहून भागत नाही. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला ती कोणाची आत्या हे कसे कळावे? ‘वडिलांची थोरली बहीण, माहेरचे व सासरचे पूर्ण नाव, तेंदूपत्त्याच्या फळीवर, मे १९८४, कडेवर तिचा धाकटा मुलगा’ असे लिहिले की तो फोटो बोलू लागतो. कोण, कोणाचे कोण, कोठे, केव्हा, आणि काय काम करीत असताना, एवढ्या पाच गोष्टी आल्या की ओळ पुरी झाली. शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. आपल्या घरांतील फोटोंत माणसे नेहमी नवे कपडे घालून उभी असतात. ज्या कामावर ते कपडे आले, त्या कामाचा फोटो सहसा नसतो. तेव्हा निदान ओळीत तरी ते काम यावे.

आपल्या भागात तारीख आणि ठिकाण लिहिणे फारच अगत्याचे आहे. एका जुन्या घराचे कागद पुढे घ्या. १९५० पूर्वीच्या कागदावर राज्याचे नाव ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल. नंतरच्या कागदावर ‘मध्यप्रदेश’, १ नोव्हेंबर १९५६ पासून ‘मुंबई राज्य’ आणि १ मे १९६० पासून ‘महाराष्ट्र’. जिल्हा आधी ‘चांदा’. १९६४ साली तो ‘चंद्रपूर’ झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. गावाचे नाव भद्रावती, पण रेल्वे स्टेशनावर पाटी ‘भांदक’ची. म्हणजे एकाच घरातल्या आजा, बाप आणि मुलगा यांच्या कागदांवर तीन-चार पत्ते निघतात; आणि घर तर जागचे हलले नाही! खाणकामगारांची तीच गत. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली पुरे झाले. त्यापूर्वीच्या कागदावर खासगी कंपनी, नंतरच्या कागदावर सरकारी. आयुधनिर्माण्यांचेही १ ऑक्टोबर २०२१ पासून महामंडळांत रूपांतर झाले. नोकरी एक, मालकाची नावे दोन. हा सारा उलगडा घरातल्या वहीत एका पानावर लिहून ठेवला तर नातवंडांचा मोठा घोटाळा वाचेल.

आठवणीची किंमत

कामगार संघटनेच्या कामात माझा बराच काळ अर्ज लिहिण्यात गेला आहे, म्हणून पुढची गोष्ट अनुभवाने सांगतो. कामगार वारल्यावर त्याची विधवा कागद घेऊन येते. कागद बिस्किटाच्या डब्यात किंवा उशीच्या अभ्र्यात असतात. शाळेच्या दाखल्यावर नवऱ्याचे नाव एक, हजेरीपटावर दुसरे, मतदारयादीत तिसरे. तिचे स्वतःचे नाव लग्नात बदललेले. माहेरचे नाव कोठेच नाही. जन्मतारीख भरती करणाऱ्या बाबूने अंदाजाने टाकलेली. भविष्यनिर्वाह निधीचा आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्न अशा ठिकाणी अडतो. नोकरी संपत आली असता जन्मतारीख बदलून मागितली तर न्यायालयेही सहसा ती मान्य करीत नाहीत. घरात वर्षानुवर्षे एक वही चालत आली असती, तर नावांतला फरक वेळीच कोणाच्या तरी डोळ्यांत आला असता आणि नवरा हयात असतानाच दुरुस्त झाला असता. वही स्वतः सरकारी दाखला होत नाही, हे खरे. पण कोणता दाखला कोठे शोधावा, ते ती दाखविते.

काही ठिकाणी तर कायद्यानेच घरच्या आठवणीला किंमत दिली आहे. २००६ सालचा वनहक्क कायदा घ्या. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करण्यासाठी तो झाला. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आता पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद मजुराच्या झोपडीत कोठून येणार? म्हणून २००८ सालच्या नियमांत पुराव्यांची जी यादी दिली आहे, तीत सरकारी नोंदींबरोबर दोन साध्या गोष्टीही घातल्या आहेत. एक, जुन्या नोंदीतील माणसापर्यंत पोचणारी वंशावळ. दुसरी, गावातील वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदन. विहीर, बांध, घराचा चौथरा, दफनभूमी अशा खुणांनाही तीत स्थान आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे गावाने वर्षानुवर्षे एकत्र बसून केलेला अभ्यास होता.

याचा अर्थ असा, की आजोबा ओट्यावर बसून ‘अमक्या मोहाखाली आपला गोठा होता’ असे सांगतात, ते केवळ गप्पा मारणे नव्हे. ते ज्या दिवशी सांगितले त्याच दिवशी, तारीख घालून, त्यांच्या शब्दांत लिहून घेतले आणि ऐकणाऱ्या दोघांनी सह्या केल्या, तर ती घरची ठेव होते. त्यांच्या मागे कोणी ते सांगू म्हटले तर ते ऐकीव ठरते.

वही बांधण्याची रीत

पहिला नियम अगदी काटेकोर पाळावा. मूळ दाखला, सातबारा, सेवापुस्तकाचा उतारा, न्यायालयाचा कागद वहीत कधीही चिकटवू नये. त्याची झेरॉक्स चिकटवावी आणि मूळ कोठे ठेवले आहे ते खाली लिहावे. मूळ कागदाला प्लॅस्टिकचे लॅमिनेशनही करू नये. एकदा ते झाले की कागद पुन्हा मोकळा होत नाही, आणि पुढे काही कार्यालये असा कागद घेण्यास कुरकुर करतात.

बँकेच्या यंत्रातून किंवा दुकानातून मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्या शाईने छापलेल्या नसतात. उष्णतेने उमटलेली ती अक्षरे काही वर्षांत, आणि आपल्या चंद्रपुरी उन्हाळ्यात त्याहून लवकर, उडून जातात. त्यांचीही झेरॉक्स काढावी. वर्तमानपत्राचा कागद हलका व आम्लयुक्त असतो. तो पिवळा पडून चुरा होतो आणि शेजारच्या पानालाही डाग लावतो. महत्त्वाचे कात्रण चांगल्या कागदावर उतरवून घ्यावे आणि वर्तमानपत्राचे नाव व तारीख त्यावर लगेच टाकावी. तारीख नसलेले कात्रण अर्धे वाया गेले असे समजावे.

चिकटपट्टी वापरू नये. तिचा डिंक तेलकट, तपकिरी डाग सोडतो. घरची कणकेची खळ चांगली, पण ती पातळ लावावी आणि पान पुरते वाळू द्यावे, नाही तर कसर आणि झुरळे जेवावयास येतात. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत. पण ते विष आहे, मुलांच्या हाती देऊ नये. फोटो तर चिकटवूच नये. कागदाचे चार कोपरे करून ते पानावर चिकटवावे आणि त्यांत फोटो अडकवावा, म्हणजे वेळ पडली तर तो काढता येतो. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. वही जमिनीपासून उंच, ओलीपासून व उन्हापासून दूर ठेवावी, आणि पावसाळा संपला की एकदा सावलीत उघडून वारा द्यावा.

मोबाईलमधील फोटोंविषयी एवढेच, की दर वर्षी त्यांतून बारा निवडून कागदावर छापून घ्यावे. मोबाईल फुटतो, हरवतो, बदलतो. निवडलेले बारा फोटो वहीत आले की ते घराचे झाले. निवडताना घरातले सगळे एकत्र बसले तर दिवाळीची एक संध्याकाळ चांगली जाते.

सणावारांच्या पैजा

‘लिहा’ म्हटले की आपल्या घरांत कोणी लिहीत नाही. पण पैज लावली की मुले धावतात. म्हणून आपल्या भागातल्या सणांना धरून काही पैजा सुचवितो. अट सर्वांना एकच. एका सणाला एक पान, आणि त्यावर हाताने लिहिलेल्या निदान पाच ओळी.

पोळ्याच्या दिवशी फोटोवाचून पान करावयाचे. घरात आजवर जे बैल झाले त्यांची नावे, ते कोणत्या बाजारातून आणले, कोणता कशाने गेला, आणि ज्या वर्षी बैल विकून भाड्याचा ट्रॅक्टर आला ते वर्ष. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुलांनी नेलेल्या लाकडी बैलाचे चित्र त्याच पानाच्या पाठीवर. आजोबांवाचून हे पान पुरे होणार नाही, आणि तीच या पैजेतली मेख आहे.

नागपंचमीला भद्रनागाच्या देवळात गर्दी होते, महाशिवरात्रीला गावात पाहुणे येतात. त्या दिवशी घरी कोण कोण जेवावयास होते, ते कोणत्या गावाहून व कशाने आले, याची यादी करावी. दहा वर्षांच्या अशा याद्या एकाखाली एक ठेवल्या की सोयरिकीचा नकाशाच तयार होतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, नाटके होतात. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी नाटकाचे छापील पत्रक जपून आणावे आणि कोणासोबत, कोणत्या गाडीने जाऊन रात्रभर नाटक पाहिले ते लिहावे. अशी पत्रके दुसऱ्या दिवशी केरात जातात. पुढे ती सोन्याच्या मोलाची होतील.

उन्हाळ्याच्या सुटीचे पान शहरातील मुले महाबळेश्वरचे करतात. आपल्याकडील कित्येक मुलांची सुटी मोहफुले वेचण्यात आणि तेंदूपत्ता तोडण्यात गेली आहे. सत्तर पानांचा एक पुडा बांधण्यात कोणाचा हात जलद होता, पहाटे किती वाजता निघत, शिदोरीत काय असे, त्या पैशांतून वह्या आल्या की छप्पर झाले, हे लिहिण्यात कमीपणा कसला? ते पान घरातील सर्वांत मानाचे पान होईल.

१६ ऑक्टोबर हा दिवस आपल्या जिल्ह्याचा विशेष आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १९५६ साली त्या तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यास धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी जाणत्या वयाची असलेली माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. ज्यांच्या घरातून कोणी गेले होते त्यांनी ते पायी गेले की गाडीने, सोबत कोण होते, कोणाच्या कडेवर कोण होते, हे याच वर्षी लिहून घ्यावे. पुढच्या वर्षीवर टाकू नये.

आणि १ मे रोजी एका पाळीचे पान करावे. वडील किंवा आई ज्या कामावर जातात त्या कामाचा एक दिवस: भोंगा किंवा घड्याळ किती वाजता, डब्यात काय, हातात कोणते हत्यार, घरी आल्यावर पहिले काय केले. मुलांनी विचारावे आणि मुलांनीच लिहावे. बाप काय काम करतो हे माहीत नसलेली मुले माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत. आणि बापानेही ते कधी सांगितलेले नसते.

काय लिहावे, काय झाकावे

शेवटी एक अवघड प्रश्न. घरात सुखच असते असे नाही. कर्ज, दारू, भाऊबंदकी, खाणीतला अपघात, लहानपणी गेलेले मूल, हे वहीत यावे काय? माझे मत असे, की मृत्यू आणि आजार अवश्य यावेत. कोणत्या वयात, कशाने, कोणत्या दवाखान्यात, ही माहिती पुढच्या पिढीच्या औषधपाण्याला उपयोगी पडते; आणि गेलेल्या मुलाचे नाव वहीत असले तर त्याच्या आईला बरे वाटते. भांडणाचा निवाडा मात्र वहीत करू नये. जिवंत माणसाला ज्याने लाज वाटेल ते त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. शंका असलेल्या गोष्टीपुढे ‘असे आजी सांगे’ एवढे लिहावे. त्याने वहीचा खरेपणा वाढतो.

आणि बायकांची पूर्ण नावे लिहावीत. आपल्या वंशावळींत मुलगे आजा-पणजापर्यंत सरळ रेघेत उतरतात आणि लेकी सासरी गेल्या की पुसल्या जातात. पणजीचे माहेरचे नाव सांगता येईल असे घर मला क्वचितच भेटले. चिकटवही सुरू करावयाची असेल तर पहिले पान तिचेच असू द्या. तिचा फोटो नसेल. पण कोणाला तरी तिचे गाव आठवत असेल, तिने केलेल्या एखाद्या भाजीची चव आठवत असेल. तेवढ्यावर पाच ओळी होतात.

बल्लारपूरची कागदगिरणी आपल्याच जिल्ह्यातली. कागदाची वाण येथे नाही. वही साध्या दुकानात मिळते, पेन्सिल प्रत्येक घरात असते, आणि सुटी लागली की मुलेही मोकळी असतात. ज्यांना विचारावयाचे ती माणसे मात्र दर वर्षी कमी होत चालली आहेत. तेव्हा या सुटीत मुलांना त्यांच्यापुढे वही घेऊन बसवा.